उत्तरेचा गडगा ढिगारा नव्हता

गेल्या वर्षी गणपतीत आम्ही दिलीप कर्णिककडे जेवायला गेलो होतो. पानं मांडायच्या आधीच मी त्याच्या बॅकयार्डात उभा राहून त्याच्यावर ओरडलो. शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत ही बातमी मोदकांच्या आधी वाटली गेली. मी बोलत नाही ही माझी ख्याती. चारचौघांत मी एक खुर्ची शोधतो आणि निघायची वेळ होईपर्यंत तिच्यातून उठत नाही. त्यामुळे "सुहासकाका? ओरडले?" असं पोरांनी आयांना विचारलं म्हणे. मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेनं "काका, तुमच्या दगडांच्या कामाबद्दल काहीतरी हलकंफुलकं द्या ना" असा फोन केला, तेव्हा तिच्याही कानावर ते गेलं असणारच. हलकंफुलकं होणार नाही. पण देतो.

झालं असं. दिलीपनं नवा पॅटिओ करून घेतला होता. मला पाहिल्याबरोबर म्हणाला, "चल, तुझ्या लाइनीतलं काहीतरी दाखवतो." मागे गेलो. कमरेएवढी दगडी भिंत, वर बसायला सपाट दगड, मधोमध गॅसची शेकोटी.

"ऑथेंटिक आहे हां," दिलीप म्हणाला. "न्यू इंग्लंडचा अँटिक स्टोन. कुठल्यातरी आयलंडवरच्या जुन्या फार्मच्या भिंतीचा. बघ, वरचं ते लायकेनसुद्धा ओरिजिनल."

लायकेन म्हणजे दगडफूल, आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच कुळातलं. मी वाकून बघितलं. दगडफूल मरत होतं. स्प्रिंकलरच्या पाण्यानं त्याचे पापुद्रे सुटले होते. आणि खाली, पावलापाशी, एक दगड चकचकीत होता. फरशी पॉलिश करावी तसा नव्हे. तुळतुळीत, थोडा तेलकट, एकाच अंगानं झिजलेला. असा दगड यंत्रावर होत नाही. पिढ्यान् पिढ्या मेंढ्यांनी एकाच कोपऱ्याला खांदा घासला, लोकरीचं तेल त्यात मुरलं, की तो असा होतो. तो मेंढीच्या खांद्याच्या उंचीला असतो. इथे गवंड्यानं तो जमिनीलगत, शेकोटीच्या बाजूला लावला होता. त्याला काय कळणार म्हणा.

"हा कुठून आणलास?"

"दगडांच्या यार्डातून. का रे?"

"ही कुणाच्यातरी शेताची भिंत आहे, दिलीप. उचलून आणलेली."

"उचलून? रिसीट आहे माझ्याकडे!"

"रिसीट घाल चुलीत!" इथून पुढे माझा आवाज चढला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. म्हाताऱ्या बाईच्या घराचं दार उखडून आणून त्याचा टीपॉय करशील का, असं काहीतरी म्हणालो.

"अरे यार, दगड आहेत ते! देवळाचे खांब नाही आणले मी!"

"सुहास," दारातून माझ्या बायकोचा, मेधाचा आवाज आला, "आरती व्हायचीय. आत ये."

परतताना गाडीत मेधानं मांडीवरचा प्रसादाचा डबा नीट लावला. मग म्हणाली, "दिलीप भावजींचं नक्की काय चुकलं, सांगशील?"

"काही नाही."

"मग त्या माणसाला एवढं का झोडपलंस?"

ज्याला झोडपायला हवं होतं तो गाडी चालवत होता.

आता नीट सांगतो. माझ्या धंद्याला मराठीत नेमका शब्द नाही. गवंडी म्हणावं तर गवंड्याच्या हातात थापी असते, माझ्या नसते. सिमेंट नाही, चुना नाही, माती नाही. नुसता दगडावर दगड. कोकणातल्या माणसाला एका वाक्यात कळेल: मी गडगे घालतो. माझं गाव लांज्याकडचं. भात कापून झालं की गुरं उनाड सुटायची, त्याच्या आधी वाडीतला प्रत्येक जण आपापल्या आवाराचा गडगा सारखा करायचा. मी वडिलांच्या हाताखाली चिपा, म्हणजे फटीत ठोकायचे दगडाचे कपरे, पुरवायचो. एकावर दोन, दोनांवर एक. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. लांब दगडाची शेपटी भिंतीच्या पोटात जायला हवी. हललाच तर खालून चीप मारायची. एवढंच शास्त्र आहे, आणि ते हातात यायला वर्षं जातात. मी ते विसरून सिव्हिल इंजिनिअर झालो, ॲन आर्बरला एम.एस. केलं, शॉमबर्गच्या एका फर्ममध्ये पार्किंग लॉटच्या, माती अडवणाऱ्या रिटेनिंग वॉल डिझाइन करू लागलो, आणि पन्नाशीच्या अलीकडे नोकरी सोडून पुन्हा गडग्यांकडे आलो. का आलो तेच सांगतोय.

या धंद्यात गिऱ्हाईकं भेटतात एकेक. एका डेंटिस्टबाईंना भिंत "पडायला आलेली दिसेल पण पडणार नाही" अशी हवी होती. मी म्हटलं, बाई, तुम्ही दात असे बसवता का? त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. एका रिटायर्ड बँकरनं नव्याकोऱ्या भिंतीला ताक फासायला माणूस लावला होता, शेवाळ लवकर धरतं असं कुठेतरी वाचून. उन्हाळ्यात त्या आवाराला जो आंबूस वास सुटला! शेजारच्या कुत्र्यांनी भिंत चाटून साफ केली. हसायला ठीक आहे. पण या सगळ्यांना हवं असतं काय? जुनेपण. स्वतः जुनं होण्याइतका काळ थांबायची तयारी नाही, म्हणून दुसऱ्याचं जुनेपण उचलून आणायचं. सबर्बच्या बाहेर लँडस्केपवाल्यांची यार्डं आहेत, तिथे लाकडी पॅलेटवर जाळीत बांधलेले दगड रांगेनं उभे असतात आणि त्यांवर 'हेरिटेज' अशी पाटी असते. कुणाचं हेरिटेज, असं विचारा. विचारून बघा एकदा. पोरगा खांदे उडवतो.

मला ठाऊक आहे कुणाचं. निदान काही पॅलेट्सचं तरी.

न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यापासून समुद्रात बरंच आत एक बेट आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना पाहुणे आवडत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. टपालाची बोट जाते, समुद्र खवळला की तीही जात नाही. झाडं थोडी, वारा फार. पूर्वी तिथे आलेल्या लोकांनी जमीन साफ करताना जे गोल धोंडे निघाले ते रचून आवारं केली. बटाट्याकोबीला वाऱ्यापासून आडोसा म्हणून लहान आवारं. मेंढ्यांसाठी मोठी. आणि दोन लांबच लांब भिंती, एक उत्तरेची आणि एक दक्षिणेची, नरसाळ्याच्या बाजूंसारख्या, समुद्राकडे रुंद आणि टेकडीच्या पोटाशी येऊन अरुंद. अरुंद टोकाला मेंढवाडा. बेटावरच्या मेंढ्या वर्षभर मोकळ्या असतात, पार कड्यापर्यंत चरत जातात. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळं गाव एक रांग करून त्यांना हाकत आणतं, दोन भिंतींमध्ये घेतं, आणि पुढचं काम भिंती करतात. मेंढ्या आपोआप वाड्यात येतात, लोकर कातरून घेतात, आणि पुन्हा मोकळ्या. ही भिंत नसेल तर मूठभर माणसांनी मोकळ्या माळावर मेंढ्या आवरणं म्हणजे मुठीत वारा धरणं.

आता महत्त्वाची गोष्ट. त्या भिंतींना फटी आहेत. एकेरी दगड, एकावर एक, आणि मधून हात घालता येईल एवढी भोकं. पलीकडचा समुद्र दिसतो. नवख्याला वाटेल, निम्मी पडली आहे. पडलेली नाही. मुद्दाम तशी घातली आहे. भरीव भिंतीवर वारा आदळला की तो उसळून पलीकडे दुप्पट जोरानं कोसळतो; फटींतून गाळला की थकतो. आणि मेंढी भरीव भिंतीवर चढून जाते, पण जिच्यातून उजेड दिसतो ती तिला डळमळीत वाटते. ती तिला पाय लावत नाही. आमच्या लांज्याच्या गडग्यालाही फटी असतात, पावसाचं पाणी अडू नये म्हणून. कारण वेगळं, पण फट पाहून पडझड समजायची नाही हे मला शाळेत जायच्या आधीपासून कळत होतं.

तरीही तिला पडझड असं मीच लिहिलं.

शिकागोच्या एका बड्या माणसानं बेटाचा उत्तरेकडचा भाग समर हाउससाठी विकत घेतला होता आणि साइटचं काम आमच्या फर्मला दिलं होतं. माझा बॉस रॉन. माणूस वाईट नव्हता, मुलांच्या वाढदिवसाला केक आणायचा. त्यानं मला पाहणीला पाठवलं. गावाचा नियम असा की उभी भिंत हलवायची तर गावाची संमती लागते; पडझडीचा ढिगारा असेल तर मालकाची मर्जी. मी दोन दिवस धुक्यात फिरलो. लांबवर कुणीतरी रेनकोटातली बाई खाली पडलेला एक दगड उचलून पुन्हा भिंतीवर ठेवताना दिसली. मी हात केला. तिनंही केला. एवढीच भेट.

परत आल्यावर मी लिहिलं होतं, 'उघड्या बांधणीची, उभी, वापरात असलेली भिंत.' रॉननं कागद पुढे सरकवला.

"उघडी बांधणी म्हणजे काय? फोटोत भोकं दिसतायत."

"भोकं ठेवलेली आहेत. ती तशीच—"

"सू-हॅस, मालकाला तिथे रस्ता न्यायचाय. उभी की पडलेली? एका शब्दात."

मी म्हटलं, "पडलेली म्हणता येईल," आणि वाक्य तसं बदलून दिलं.

एवढंच. कुणी दम दिला नाही, कुणी नोकरीवरून काढायची भाषा केली नाही. माझं ग्रीनकार्ड फर्मच्या नावावर अडकलं होतं, हे खरं. पण रॉननं त्याचा उच्चारही केला नाही. करायची गरजच नव्हती. आपल्याला घरून हेच शिकवून पाठवलेलं असतं ना: परक्या देशात आहेस, वाद घालू नकोस, मान खाली घालून काम कर, सगळं व्यवस्थित होईल. सगळं व्यवस्थित झालंही. आपल्या लोकांचं इथे फार कौतुक होतं, किती ॲडजस्ट करतात म्हणून. मला आता तो शब्द ऐकवत नाही. मी ॲडजस्ट झालो, आणि तिथून कित्येक मैलांवर एक उभी भिंत ढिगारा झाली. रॉनचा शिक्का, रॉनची सही. माझं नाव कुठेही नाही. मला तर त्याचंही बरं वाटलं होतं.

पुढे ग्रीनकार्ड आलं, आईचं आजारपण झालं, मुलगी इरा कॉलेजात गेली. झोप लागायची. खोटं कशाला सांगू, लागायची. पण मी डिझाइन केलेल्या प्रत्येक काँक्रीटच्या भिंतीला पाण्यासाठी भोकं ठेवताना काहीतरी टोचायचं. अखेर नोकरी सोडली, व्हरमाँटमधल्या एका म्हाताऱ्याकडे दगड लावायला शिकलो, म्हणजे आठवून घेतलं. आणि एका उन्हाळ्यात त्याच बेटावर जुन्या भिंती दुरुस्त करायला माणसं हवीत असं कळलं, तेव्हा गेलो.

उत्तरेची भिंत नव्हती. समुद्रापासून टेकडीपर्यंत गवताची एक फिकट रेघ होती आणि तिच्यावर खळगे, दात काढल्यावर हिरडीत राहतात तसे.

माझ्याशेजारी काम करणाऱ्या बाईचं नाव मार्था. सत्तरीच्या आसपासची, उंच, पुरुषी बूट, बोलणं तोडून टाकल्यासारखं. बेटावरच्या मेंढ्या तिच्या. तिच्या आधी तिच्या आईच्या. मी ओळखलं, रेनकोटातली ती हीच.

"इथली भिंत?" मी विचारलं. विचारायची लाज वाटायला हवी होती.

"मालाची बार्ज आली होती," मार्था म्हणाली. "मालकाला रस्त्यापुरती जागा हवी होती. कंत्राटदारानं सबंध भिंतच चढवली. शिकागोला गेली, बागांसाठी. कुणा इंजिनिअरनं लिहून दिलं म्हणे, हा ढिगारा आहे."

"कोण इंजिनिअर?"

"काय माहीत. त्याला एकदा इथे जानेवारीत उभा करायला हवा. अंगावर फटी पडेपर्यंत."

मी हातातला दगड बसवला आणि म्हटलं, "खरंय."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी जातो. दक्षिणेची भिंत, मेंढवाड्याचं दार, बटाट्याची आवारं. जिथे ढासळेल तिथे हात लावतो. मार्था मला सूपचा वाडगा द्यायची, माझ्या सांध्यांना नावं ठेवायची, "तुझ्या देशात दगड चौकोनी असतात काय?" म्हणून चिडवायची. आमची मैत्री झाली म्हणायला हरकत नाही. आणि मी तिला सांगितलं नाही. एकदाही नाही. तिच्याच हातचं सूप पिऊन.

म्हणून दिलीपच्या बॅकयार्डात तो तुळतुळीत दगड दिसला तेव्हा माझा तोल गेला. दिलीपनं विकत घेतला, यार्डनं विकला, कंत्राटदारानं उचलला, मालकानं परवानगी दिली. यातल्या एकानंही कायदा मोडला नाही. चोरी अशीच होते हल्ली. सगळ्यांकडे रिसीट असते.

दिलीपकडून आलो त्याच्या पुढच्या रविवारी रात्रीचं जेवण झाल्यावर मेधानं पुन्हा विचारलं आणि मी सांगून टाकलं. सगळं. तिनं सनीव्हेलला फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला. "आता इराला सांग."

इरा आमची मुलगी, जन्म इथला, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतून. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वेट. बाबा, यू न्यू? तेव्हाच?"

"हो."

"अँड शी स्टिल डझंट नो?"

"नाही."

"दॅट्स नॉट बीइंग क्वाएट, बाबा. दॅट्स लाइंग." मग मराठीत, तिच्या त्या अडखळत्या मराठीत, म्हणाली, "तुम्ही मला लहानपणी कोपऱ्यात टाइम-आउट दिला असता याला."

यंदा मार्चमध्ये बेटावरची वार्षिक ग्रामसभा होती. शिकागोच्या मालकानं आता त्याच्या हद्दीतला मेंढवाडाच पाडायला मागितला होता. त्या जागेवर त्याला लग्नसमारंभांसाठी लॉन करायचं होतं. मेंढवाडा गेला की लोकर कातरणं संपलं. लोकर कातरली नाही तर उन्हाळ्यात मेंढ्या किड्यांनी मरतात. म्हणजे कळप बेटावरून हलवायचा. मार्था दुसरं काही म्हणाली नव्हती, फोनवर फक्त एवढंच, "जूनमध्ये येऊ नकोस कदाचित. काही उरलेलं नसेल."

मी मार्चमध्ये गेलो. बोटीत उलट्या झाल्या. अग्निशमन बंब ठेवतात त्या शेडमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, बंब बाहेर थंडीत. मालक आला नव्हता. त्याचा वकील आला होता, चांगल्या कोटातला, बूट ओले. त्यानं तोच जुना अहवाल काढला. म्हणाला, "उत्तरेच्या भिंतीबाबत तज्ज्ञांचं मत आधीच उपलब्ध आहे: पडझडीचा ढिगारा. मेंढवाड्याची बांधणी तंतोतंत तीच आहे. म्हणजे निष्कर्षही तोच."

काय सोपं असतं बघा. एकदा खोटं लिहून ठेवलं की ते आपलं आपण वाढतं, पुढच्या खोट्याला जन्म देतं.

मी हात वर केला. बाहेरच्या माणसाला तिथे बोलायचं तर सभेची परवानगी लागते. सभापतींनी विचारलं, "या गृहस्थांना बोलू द्यायचं?" सगळ्यात आधी हात वर गेला तो मार्थाचा. "दर वर्षी येतो," ती म्हणाली. "काम बरं करतो."

मी उभा राहिलो. म्हटलं, "ते वाक्य मी लिहिलंय."

कुणाला कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. पाहणी मी केली होती, 'पडलेली' हा शब्द मी दिला होता, उत्तरेची भिंत उभी होती, मेंढवाडाही उभा आहे.

"म्हणजे तुमची चूक झाली होती?" सभापतींनी विचारलं. ते मला दार उघडून देत होते. चांगला माणूस. 'हो' म्हटलं असतं तर निभावलं असतं. चुका सगळ्यांच्याच होतात.

"नाही," मी म्हटलं. "मला तेव्हाही ठाऊक होतं."

शेडमध्ये हीटर घरघरत होता. मी मार्थाकडे बघायचं टाळलं आणि मग बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. आपल्या बुटांकडे बघत होती.

वकील हसला. "म्हणजे हे गृहस्थ कबूल करतात की ते व्यावसायिक कामात खोटं लिहितात. मग आज खरं बोलतायत कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. रागानं माझे कान तापले. त्याचा राग, मालकाचा, रॉनचा, दिलीपच्या त्या शेकोटीचा, आणि सगळ्यात जास्त त्या माणसाचा जो 'म्हणता येईल' म्हणून खाली बसला होता. "माझ्यावर विश्वास ठेवूच नका," मी म्हटलं, आणि आवाज दिलीपच्या बॅकयार्डातल्याइतकाच चढला. "मी विश्वासाचा माणूस नाही. भिंतीवर ठेवा. बाहेर जा आणि तिला खांदा लावून ढकला. ढिगारा असेल तर सरकेल. तुम्हीही चला, साहेब. कोट काढून चला!"

मागून एक म्हातारा लॉब्स्टरवाला कोळी म्हणाला, "आम्ही लहानपणापासून ढकलतोय तिला. दारू पिऊनही ढकलली आहे."

हशा पिकला. मार्था हसली नाही. हात वर करून मतं घेतली. मेंढवाडा राहिला. वकिलानं कागद पिशवीत भरले आणि मालक वरच्या कोर्टात जाईल असं सांगितलं. तो गेलाही आहे. निकाल यायचाय.

मार्था माझ्या अंगावरून बाहेर निघून गेली. मी बोटीच्या धक्क्यावर थांबलो, ती आली नाही. घरी आल्यावर मी तिला फोन केले. तिनं उचलले नाहीत. मेधा म्हणाली, "उचलेल अशी अपेक्षा तरी का धरतोस?" तिचंही बरोबर होतं. कबुली दिली की समोरच्यानं लगेच पाठीवर हात ठेवावा असं आपल्याला वाटतं. का ठेवावा? भिंत गेली ती तिची. माझं काय गेलं? वेळ आली तेव्हा दोन वाक्यं, तीही कित्येक वर्षं उशिरा.

जूनमध्ये मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी गेलो. इरा रजा घेऊन आली बरोबर, "समबडी हॅज टू मेक शुअर यू गेट ऑफ द बोट" म्हणत. गाव माळावर जमलं होतं. पूर्वी दोन्ही बाजूंना भिंती होत्या तेव्हा मागून हाकायला थोडी माणसं पुरत. आता उत्तरेची बाजू उघडी. तिथे माणसंच उभी करतात, हात पसरून, समुद्रापासून टेकडीपर्यंत, आणि माणसं कधीच पुरत नाहीत.

मार्था काठी टेकत रांग लावत होती. आमच्यापाशी थांबली. माझ्याकडे नाही, इराकडे बघून म्हणाली, "ही कोण?"

"मुलगी," मी म्हटलं.

"हात लांब आहेत. ही तिथे. तू इथे." आणि काठीनं गवतातला एक खळगा दाखवला. दगड उपटल्याचा खळगा होता तो. "जो हलला त्याला समुद्रात ढकलीन."

मी खळग्यात पाय रोवून उभा राहिलो. शिट्टी झाली. आधी काहीच दिसेना, मग टेकाडावरून मेंढ्या उतरू लागल्या, मळकट, फुगलेल्या, लोकर अंगावरून लोंबणाऱ्या, कोकरं मध्ये. दक्षिणेच्या भिंतीकडून त्या शहाण्यासारख्या वळल्या. उत्तरेला भिंत नव्हती, मी होतो. पुढची काळ्या तोंडाची मेंढी थांबली, तिनं इराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे यायचं ठरवलं.

मी हात पसरून गप्प उभा. गप्प उभं राहण्याइतका सराव मला दुसऱ्या कशाचाच नाही. आणि ती येतच होती, मागे सगळा कळप घेऊन.

"बाबा, से समथिंग!" इरा किंचाळली. "बाबा!"

"ओरड!" मार्था टेकडीवरून. "मुक्या, ओरड!"

मी ओरडलो. "हाऽऽड! हाड हाड! मागे हो!" गुरं हाकायची लांज्याची हाक, कुठून आली देव जाणे. मेंढी माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर होती. ती बिचकली, पाय रोवले, वळली. कळप वळला. पण तिच्या मागच्या काही, पुढचं न बघता धावणाऱ्या, माझ्या आणि इराच्या मधून निसटल्याच, दोन कोकरांसकट, आणि कड्याकडच्या खडकांत पसार झाल्या. भिंत असती तर निसटल्या नसत्या.

बाकीच्या वाड्यात शिरल्या. दार लागलं. लोक गवतावर बसले, थर्मास निघाले. मार्था माझ्याजवळ आली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. काही क्षण ती त्या फिकट रेघेकडे बघत राहिली.

"निसटलेल्या तू शोधून आणायच्यास," ती म्हणाली. "उद्या सकाळी, ओहोटीच्या वेळेला. मुलीलाही घे."

"हो."

"आणि पुढच्या वेळी आधीपासून ओरड. अंगावर येईपर्यंत थांबू नकोस."

मला आणखी काही म्हणायचं होतं. ओरडून घसा बसला होता. मी मान हलवली, आणि ती काठी टेकत कातरायच्या कामाला निघून गेली.